घडणावळ

सकाळचे साडेसात. देवनार डेपोतून बस बाहेर पडतायत, माणसं गोवंडी स्टेशनाकडे धावतायत आणि तू भंगारवाल्याच्या दुकानासमोर थांबली आहेस. डोक्यावर घारी फिरतायत. एका अंगाला कत्तलखाना, दुसऱ्या अंगाला डंपिंग, त्यामुळे घारींचा इथं कायमचा मुक्काम. तू इथंच लहानाची मोठी झालीस. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावतात, तुला तो वास कळतसुद्धा नाही.

बायका पाठीवरच्या गोण्या उतरवतात. काट्यासमोर ढीग लागत जातात: तांबं वेगळं, पितळ वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, प्लास्टिकचे तर कितीतरी प्रकार. एका कोपऱ्यात फुटक्या मोबाइलमधली हिरवी सर्किटं. त्यांत सोनं असतं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जपान्यांनी अशाच टाकून दिलेल्या वस्तूंपासून बनवली. जवळपास ७९ हजार टन जुनी यंत्रं आणि मोबाइल गोळा केले, तेव्हा त्यातून ३२ किलो सोनं निघालं.

एक बाई गोणीच्या तळातून समई काढते. खालची बैठक चेपलेली, वात ठेवायची तबकडी एका बाजूनं तुटलेली. पण वरचा मोर शाबूत आहे. मान किंचित वळवलेली, पिसाऱ्यावर ठशानं एकेक डोळा उमटवलेला. तू पुढे वाकतेस. काटेवाला समई उचलून पितळेच्या ढिगावर टाकतो. ‘पितळ’ म्हणतो आणि वजन सांगतो.

तुझ्या पोटात खड्डा पडतो, कारण हे तू आधी पाहिलेलं आहेस. तीन वर्षांपूर्वी, एका सराफाच्या थंडगार दुकानात.

डिझाइनच्या कोर्सची फी भरायची होती. आजी म्हणाली, ‘बोरमाळ द्या मोडून. सोनं अडीअडचणीलाच तर असतं.’ आई आणि तू पेढीवर गेलात. आतल्या माणसानं कात्रीनं दोरा कापला. मणी स्टीलच्या ताटलीत टणटण करत पडले, बोराएवढे, थोडे लांबट. मग त्यानं ते चिमट्यानं एकेक दाबले. वरचं सोनं पत्र्यासारखं पातळ, आत लाख भरलेली. ती कडकन फुटायची आणि तांबडा भुगा सांडायचा. उरलेली लाख जाळून काढली तेव्हा देवळात धूप करपल्यावर येतो तसा वास आला. लाख वजा, डाक वजा, घट वजा. काट्यावर आकडा आला. आईनं भीत भीत विचारलं, ‘आणि घडणावळ?’ तो अगदी सौजन्यानं म्हणाला, ‘ताई, मोडीत घडणावळ धरत नाहीत.’

त्यात त्यानं फसवलं असं काही नव्हतं. सगळीकडे रीत तीच आहे. नवा दागिना घेताना घडणावळ मोजायची, मोडताना ती शून्य. आपल्या भाषेनं तर हे केव्हाच मान्य केलंय. एखादी गोष्ट निकामी ठरवायची असली की आपण ती ‘मोडीत काढतो’.

माळेचा दोरा कधीतरी पूर्वी तुटला होता, तेव्हा सुटलेला एक मणी आजीच्या कुंकवाच्या करंड्यात राहून गेला होता. तो तुझ्याकडे आहे. आत्ता, या क्षणी, पर्समधल्या छोट्या डबीत. कोर्स संपला, हातात सर्टिफिकेट आलं, दागिन्यांचा स्वतःचा ब्रँड काढायचा असं तू घरी सांगून टाकलंस. आता जो तो विचारतो: नाव काय ठेवणार, लोगो कसा असेल, इन्स्टाग्रामवर कधी येणार? सुरुवात कुठून करायची हे मात्र कुणी सांगत नाही.

डबी उघड. मणी तळहातावर घे आणि मूठ मिट.

पायाखालचा रस्ता तोच, पण तू एकदम शाळेच्या गणवेशात आहेस. तारीख १६ सप्टेंबर २०१७, शनिवार. सायन-ट्रॉम्बे रस्त्याच्या बाजूनं काळा धूर चढतोय. सगळे म्हणतायत, आर. के. पेटलं. राज कपूर यांनी १९४८ साली काढलेला स्टुडिओ, तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगा. आतल्या मोठ्या स्टेजला आग लागली आहे. माणसं वाचली, पण जुन्या चित्रपटांतले कपडे आणि दागिने गेले, नर्गिसपासूनच्या नायिकांनी अंगावर घातलेले. ते दागिने खोटेच होते. पत्रा, काच, मुलामा. भंगारात घातले असते तर मूठभर रुपयेसुद्धा आले नसते. तरी त्या दिवशी कितीतरी लोक हळहळले. त्या धुराकडे नीट बघून ठेव. ज्याला काट्यावर किंमत नव्हती, त्याच्यासाठी लोक हळहळतायत.

आता त्याच फाटकातून आत चल. धूर नाही, उंच इमारती नाहीत, चेंबूरच्या या टोकाला मोकळी जागा आणि झाडी. १९५४-५५ चा सुमार. ‘श्री ४२०’चं चित्रीकरण चाललंय. क्लबचा सेट, दिव्यांचा झगमगाट, आणि मध्ये नादिरा, अंगासरशी बसणाऱ्या चमकत्या गाऊनमध्ये, हातात लांब सिगरेट होल्डर. दिव्याच्या उजेडात गाऊन पाण्यासारखा हलतो. तू मात्र नादिराकडे बघू नकोस. या झग्यामागे जिचा हात आहे तिला शोध: पंचविशीतली एक मराठी मुलगी. भानू राजोपाध्ये. पुढे जग त्यांना भानू अथैया म्हणून ओळखणार आहे.

जन्म १९२९, कोल्हापूर. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी काम केलेले. मुलगी लहान असतानाच ते गेले. मुलगी मुंबईला येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पोटासाठी तिनं मासिकांतून फॅशनची रेखाटनं केली, आणि त्या रेखाटनांवरून चित्रपटांचं काम चालत आलं. १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर मिळाला, भारतीयाला मिळालेला पहिला. आपल्याकडे त्यांचं नाव घेताना ऑस्करवरच गाडी थांबते. मला त्यांची त्याआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात, विशेषतः ‘आम्रपाली’. १९६६ चा चित्रपट. वैशाली नगरीतल्या नर्तकीला काय नेसवायचं, गळ्यात काय घालायचं? समोर तयार नमुना नव्हता. त्यासाठी त्या अजिंठ्याकडे गेल्या.

तूही चल.

पहिल्या क्रमांकाचं लेणं. बाहेर वाघोरा नदीच्या काठचं ऊन, आत गारवा आणि अंधार. थोडा वेळ काही दिसत नाही, मग भिंत हळूहळू उजळत जाते आणि बोधिसत्त्व पद्मपाणी समोर येतो. हातात कमळ, डोळे खाली झुकलेले, डोक्यावर उंच मुकुट. गळ्यातल्या मोत्यांच्या सरांकडे बघ. छातीवरून तिरका उतरणारा पिळाचा मोत्यांचा सर बघ, कमरेशी तो कसा सैल पडलाय. मोती एकसारखे नाहीत. गळ्याच्या वळणावर ते बारीक होतात, खाली येताना भरतात. म्हणजे चित्रकारानं खरा सर पाहिला होता, हातात घेतला होता, त्याचं वजन त्याला माहीत होतं.

आणि मोती कुठेत? पाचव्या शतकाचा शेवट, वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागेचा काळ. चिखलाचा गिलावा, त्यात भाताचं तूस, वर पांढरा हात, आणि त्यावर कुंचल्याच्या टोकानं ठेवलेला पांढऱ्या मातीचा ठिपका. बस. वजन करायला गेलीस तर काटा हलणार नाही. ज्या राजांनी खरे मोती घातले त्यांच्या माळांचा कुठे पत्ता नाही, हा ठिपका पंधराशे वर्षं जागेवर आहे. भानूताईंनी इथून कापड किंवा सोनं नेलं नाही. सर कुठून सुटतो, कुठे वळतो, कुठे थांबतो, एवढंच घेऊन त्या परत गेल्या. तू तुझ्या वहीत याच गोष्टीला ‘इन्स्पिरेशन’ असं मथळ्यात लिहून खाली पान कोरं ठेवलं आहेस.

मूठ अजून मिटलेलीच आहे ना? मणी गरम होतोय. आता त्याच्याच घरी जाऊ.

कोल्हापूर, गुजरी. अंबाबाईच्या देवळाजवळची सराफांची गल्ली. एप्रिल १९६२, लग्नसराई तोंडावर. माडीखालची एक बुटकी खोली, पुढे शेगडी, शेजारी ऐरण, पाण्याचं तसराळं. जमिनीवर बसलेला सोनार पन्नाशीचा असेल. तो तुला पाहू शकत नाही, तेव्हा अगदी जवळ बस.

त्याच्यासमोर पत्र्याच्या दोन चकत्या आहेत, बावीस कॅरेटच्या, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. नखानं वाकतील इतक्या पातळ. पितळी ठोकळ्याला लहान-मोठे खळगे आहेत. चकती खळग्यावर ठेवून तो वरून गोल डोक्याची कांब धरतो आणि हलके हलके ठोकतो. टक, टक, टक. जोरानं मारलं तर पत्रा फाटेल. चकतीची वाटी होते, मग दुसरीची. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून तो कडेवर टाकणखार लावतो, डाकाचा तिळाएवढा तुकडा ठेवतो, आणि फुंकनळी ओठात धरतो. आता तो श्वास कसा घेतो ते बघ. गाल फुगलेलेच राहतात, नाकानं हवा आत जाते, ज्योत क्षणभरही तुटत नाही. डाक पाण्यासारखा होऊन सांध्यात पळतो आणि त्याच क्षणी तो नळी बाजूला घेतो. एवढासा उशीर झाला तर डाकाबरोबर मणीच वितळायचा.

मग भोकातून तापलेली लाख आत. ती निवली की पातळ पत्र्याला आतून आधार मिळतो, मणी चेपत नाही. गरिबाघरच्या लेकीलाही भरघोस माळ घालता यावी म्हणून कुणीतरी काढलेली ही युक्ती. थोड्या सोन्यात मोठं रूप. तीन वर्षांपूर्वी ताटलीत जो तांबडा भुगा ‘वजा’ झाला, ती ही अक्कल होती.

सोनार मणी रिठ्याच्या पाण्यात घासतो, पंचाला पुसतो, तराजूत घालतो. दुसऱ्या पारड्यात गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सगळे मणी झाले की माळ पटवेकऱ्याकडे जाईल, तो रेशमात ओवेल. संध्याकाळी पोरगा खोली झाडेल आणि केर वेगळा ठेवेल. झारेकरी येऊन तो घेऊन जाईल, धुऊन धुऊन त्यातला सोन्याचा कण वेचेल. तुझ्या देवनारच्या बायका गोण्या घेऊन पहाटे निघतात, त्यांचं आणि झारेकऱ्याचं काम एकच.

दारात एक माणूस येतो, पागोट्याचा. तुझे पणजोबा. लेकीचं लग्न मे महिन्यात आहे. ते माळ हातात घेतात, उजेडाला धरतात आणि काही न बोलता मान हलवतात. सोनार पहिल्यांदा हसतो. तुला त्याचं नाव विचारायचंय. तोंड उघडतेस, आवाज फुटत नाही.

त्याच खोलीत नऊ महिन्यांनी ये. जानेवारी १९६३ संपत आलाय. शेगडी थंड आहे. चीनबरोबरच्या युद्धानंतर अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण जाहीर केलं आहे: चौदा कॅरेटवरचा दागिना घडवायला बंदी. दिल्लीच्या हिशेबात त्याला कारण होतं. परदेशी चलन वाचवायचं होतं, चोरटी आयात थांबवायची होती. पण चौदा कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम ५८ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. हा धातू कडक असतो. ज्या हाताला बावीस कॅरेटचा मऊपणा पाठ आहे त्याच्या टक-टकीला तो दाद देत नाही. आणि लग्नाला चौदा कॅरेट मागणार कोण? देशभर लाखो कारागीर एका फटक्यात रिकामे झाले. कित्येकांनी हातगाड्या धरल्या, कित्येकांनी गाव सोडलं, काहींनी जीव दिला. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. एवढ्या वर्षांत बापाच्या मांडीशी बसून फुंकनळी धरायला शिकली असती ती मुलं दुसरीकडे नोकरीला लागली.

सोनाराकडे बघ. त्यानं खळग्यांचा ठोकळा फडक्यात गुंडाळून ठेवलाय. बायको काहीतरी विचारते, तो उत्तर देत नाही. पुढं त्याचं काय झालं हे तुला कळणार नाही. त्याच्या शेवटच्या काही कामांपैकी एक तुझ्या मुठीत आहे, एवढंच नक्की.

परत निघताना कुर्ल्याच्या पुढं थोडी थांब. १९२७. कुर्ला-चेंबूर रुळांवरून कचऱ्याचे डबे चाललेत. हा फाटा १९०६ साली कचऱ्यासाठीच घातला, त्यावर माणसं बसायला लागली ती १९२४ पासून. पुढे खाजण, खाडी, खारफुटी, आणि तिथं मुंबई आपलं टाकाऊ ओततेय. देवनारचं डंपिंग. शहरानं ठरवलं, नको ते इकडे. तेव्हापासून इथल्या माणसांनी ‘नको’मधून ‘हवं’ शोधलं, आणि तेही वजनावरच विकलं, कारण विकत घेणारा दुसरं काही मोजतच नव्हता.

आता मूठ उघड. साडेसातच वाजलेत, घारी फिरतायत, समई अजून ढिगावर आडवी पडली आहे.

भंगारवाल्याला सांग, ही मला हवी. तो काट्यावर घालेल आणि पितळेचा भाव सांगेल, मोराचे पैसे लावणार नाही. पैसे दे. मग समई घेऊन आलेली ती बाई लांब गेली नसेल, तिला गाठ आणि मोराचे पैसे तिला वेगळे दे. किती द्यायचे ते तू ठरव. घडणावळीचा भाव ठरवायची ही तुझी पहिलीच वेळ, आणि तो ठरवताना अवघडल्यासारखं झालं तर ते बरोबरच आहे.

ब्रँडचं म्हणशील, तर सांगलीत १८३२ साली गणेश नारायण गाडगीळांनी पेढी घातली आणि गिरगावात १९०९ साली वामन हरी पेठ्यांनी, तेव्हा लोगो कुणी काढला नव्हता. मालकाचं नाव हीच खात्री होती, सोन्याच्या कसाची. ते काम आता हॉलमार्क करतो. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण असते, शुद्धतेची हमी सरकार देतं. घडवणाऱ्याचं नाव मात्र तेव्हाही कुठे नव्हतं आणि आजही नाही. ती जागा रिकामी आहे. तुझ्या पावतीवर दोन ओळी वेगळ्या छाप: धातूचं वजन आणि भाव एका ओळीत, घडणावळ दुसऱ्या ओळीत, आणि त्या दुसऱ्या ओळीपुढे घडवणाऱ्या हाताचं पूर्ण नाव. सोनं परवडत नसेल तर चांदीत कर, हुपरीचे कारागीर आहेत. पितळेत कर. गिऱ्हाईक दागिना परत घेऊन आलं तर दुसरी ओळ शून्य धरू नकोस. नफा कमी होईल. होऊ दे.

आणि एक वही घाल. वस्तीतल्या, चाळीतल्या, ओळखीच्या बायकांना सांग, जुना डाग मोडायला नेण्याआधी एक दिवस माझ्याकडे द्या. त्यांना अडवू नकोस. फी भरायची असते, ऑपरेशन असतं, तुझ्याही घरी होतंच. फक्त त्याचे फोटो घे, मापं घे, मागची बाजू काढ, फासा कसा आहे ते लिही, सांधा कुठे आहे ते शोध. सोनं कुठेच जात नाही, ते पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात येतं. वळण एकदा वितळलं की परत येत नाही.

वहीचं पहिलं पान या मण्याचं. बोरमाळेचा मणी, लाख भरलेला, दोन वाट्यांचा, सांधा मधोमध. गुजरी, कोल्हापूर, १९६२. त्यापुढे सोनाराच्या नावाची जागा तू मोकळी सोडली आहेस.

आजी अजून आहे. तिचे वडील कुणाकडून दागिने करून घ्यायचे, हे तिला आठवत असेल. आज संध्याकाळीच तिला विचार.